खिशातला फ्यूज

मंडळी, हे कँटीनच्या फळ्यावर लावतोय. चहा निवला तरी चालेल, पण वाचा.

आपल्याकडे पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात घालणारा फिटर आधी तिचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे ती कोणाला चालू करता येत नाही. आज सकाळी आपले फिटर बबनराव प्रेसच्या मागच्या बाजूने कोपरापर्यंत आत होते. मी स्टोअरमधून स्प्रिंग घेऊन गेलो आणि विचारलं, "फ्यूज काढलाय ना?"

"व्हय पंडित, ह्यो काय." त्यांनी खिसा थोपटला. आत फ्यूज होता. धूर दिसला की अग्नी असतोच, असं पाठशाळेत न्यायशास्त्रात शिकलेलो मी; मान डोलावली.

तेवढ्यात शेजारच्या मशीनवरचा गायकवाड आला. "भाऊ, काल माझ्या मशीनचा फ्यूज काढला तो द्या की. काम अडलंय."

बबनरावांच्या खिशात फ्यूज एकच होता; म्हणजे या प्रेसचा अजून जागेवरच.

प्रेसच्या पुढच्या बाजूला ऑपरेटर चहा पिऊन परतला होता आणि त्याचा हात बटणाकडे निघाला होता. मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

बबनरावांनी हात बाहेर काढून बोटांकडे पाहिलं. "पर काढल्याचं मला चांगलं आठवतंय, राव."

आठवत होतं ते खरंच होतं, फक्त कालचं. रोजच्या कामाच्या आठवणीवर तारीख नसते. त्यांच्या जागी तुम्ही असता, तर खिशातला फ्यूज आजचा की कालचा, हे कशावरून ओळखलं असतं?