हिरव्या पानाची पिशवी

पिशवी हातात आली की तो आधी उलटी करायचा. आतली बाजू बाहेर, थेट गिऱ्हाइकाच्या नाकाखाली. "समोरून तं कोणीबी नटते, मॅडम. उलटी बाजू पाहा!" आणि खरंच, बंजारा तांड्यावरच्या बायकांच्या टाक्यांची उलटी बाजूही सुलटीइतकीच नेटकी असायची. गिऱ्हाईक गार व्हायचं. तुम्हीही झाला असता.

माझं शिलाईचं दुकान नेरच्या बस स्टँडसमोर. तो तांड्यावर पिशव्या भरून घेऊन विकायचा, त्यांना चेन आणि पट्टा मी लावायची. अस्तर मात्र लावू द्यायचा नाही. "अस्तर लावलं तं उलटी बाजू दिसन कशी, ताई?" घरी कापसाचं चांगलं शेत, पण हा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कधी आत उतरला नाही. बोलायचा मात्र असा, की सुईचा शोध ह्यानंच लावला! स्वतःच्या शर्टाचं बटण तुटलं की माझ्याकडे धावत यायचा, ते सोडा.

भरतकाम करणाऱ्या पाच बायका. त्यांतली सगळ्यांत म्हातारी ती याडी. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. सारा तांडा तिला तेच म्हणायचा, म्हणून आम्हीही. त्याची पहिली पिशवी तिनंच भरली. चुलीपाशी बसून शेवटचे टाके घालत होती, ठिणगी उडाली आणि कोपऱ्याला भोक पडलं. तिनं त्यावर हिरव्या दोऱ्याचं एक पान भरून टाकलं. सगळ्या लाल-पिवळ्यात ते एकच हिरवं. हा तर नाचायचाच बाकी राहिला. "पायगुणाची पिशवी आहे ही, याडी. तू आहेस म्हणून मी आहो." दर प्रदर्शनात ती मधोमध टांगायचा. याडीचा फोटो काढून चिठ्ठ्या छापल्या, खाली 'हातानं भरलेलं', आणि प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी.

मग पुण्याच्या एका दुकानानं एकदम हजार पिशव्या मागितल्या. याडी म्हणाली, "राळेगावकडं माही भाची हाये, केळापूरकडं नणंद. तिकडच्या बायाबी बसतीन. मी शिकवीन त्याईले. उन्हाळ्यापर्यंत दम धर."

"याडी, धंदा दम धरत नाही," असं म्हणून ह्यानं काम बाहेर दिलं. कुठल्या तरी मोठ्या शहरात, मशीनवाल्या कारखान्यात. नमुना म्हणून पायगुणाचीच पिशवी पाठवली.

गठ्ठे थेट माझ्या दुकानात उतरले. "ताई, आता अस्तर लावा. गच्च!"

"आणि उलटी बाजू?"

"आजकाल लोकाईले अस्तरच आवडते."

मी एक पिशवी उलटी केली. आत पांढरा कागद चिकटवलेला आणि धाग्यांचं नुसतं रान. मला लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, मशीन काही मी थांबवलं नाही. आठवडाभर अस्तर लावत बसले.

त्याच आठवड्यात याडी एसटीनं आली, नव्या कामाचा दोरा न्यायला. ढीग पाहून तिनं एक पिशवी उचलली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीच्या त्याच कोपऱ्यात तेच हिरवं पान.

"काहून रे बाबू, एवढ्या साऱ्या एकाच जागी जळल्या?"

मी फिसकन हसले. तो म्हणाला, "ते डिझाइन आहे, याडी."

"आन् आमचं काम?"

"तेबी येईन नं. आपण सारे फॅमिली आहो!"

याडीनं चिठ्ठीवरचा स्वतःचा चेहरा पाहिला, चिठ्ठी पालथी घातली आणि रिकाम्या हातानं गेली. त्या वर्षी पाचही जणी लोकांच्या शेतात कापूस वेचायला गेल्या. मला फार वाईट वाटलं, पण वाटून काय होतं?

पुण्याच्या दुकानवालीनं एक अस्तर उसवून पाहिलं. शिकवलं कोणी तिला उलटी बाजू पाहायला? ह्यानंच! सगळा माल परत. वर निरोप, की आधी दाखवलेल्या नमुन्यासारख्या हाताच्या करून द्या, नाहीतर राम राम. आता भाऊला तांडा आठवला. एकट्यानं जायचं तोंड नव्हतं, म्हणून मला संगं नेलं.

याडी अंगणात तूर निवडत होती. त्यानं कारखान्यातून परत आलेली पायगुणाची पिशवी तिच्यापुढे ठेवली. "याडी, अशा करून दे. पाहिजे तितका वेळ घे."

याडीनं सूप बाजूला सारलं. माझ्या पिशवीतली कात्री मागितली आणि ते हिरवं पान उसवायला बसली. एकेक टाका. निघालेला दोरा बोटाला गुंडाळत गेली. तो "याडी, याडी" करत राहिला, तिनं मान वर केली नाही. उसवून झाल्यावर पिशवी त्याच्या हातात दिली.

"पिशवी तुही, बाबू. पान माहं होतं." आणि सूप पुढे ओढून ती पुन्हा तूर निवडायला लागली.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते तिथंच. नंतर तो नेरात दिसला नाही. त्या अंगणात काय करावं ते न कळून त्यानं सवयीनं पिशवी उलटी केली. आतले टाके अजून तसेच नेटके होते. आणि जळक्या भोकातून त्याचं बोट बाहेर आलं. त्या बोटाकडे तो कितीतरी वेळ पाहत उभा होता. एरवी मी खो खो हसले असते.