व्याह्यांचं नाक, जुन्या वेगाने

भद्रावतीच्या गुणवंतरावांनी आयुष्यभर खाणीच्या सर्व्हे ऑफिसात नकाशे काढले; पण नोकरी म्हणून ते फक्त पडद्यावर रेघा काढणाऱ्या ग्राफिक्स टर्मिनलवरची वर्षं धरतात. बाकीची पेन्सिली झिजवण्यात गेली. हिरव्या रेघांचा तो पडदा मोठा मानी. ओढलेली रेघ तळपत राहायची, एकटी रेघ पुसायची सोयच नव्हती. चुकलं तर अख्खा पडदा पुसा, आणि पुसताना असा लखलखाट व्हायचा की साहेब बशीत चहा सांडायचे. यंत्र भंगारात गेलं त्या दिवशी गुणवंतराव जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी शकुबाईंना वाटलं, वरणात मीठ जास्त झालं.

पुढे मुलगी मंजुषा नागपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. तिने वडिलांच्या लॅपटॉपवर त्या टर्मिनलची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम टाकून दिला. चित्र क्षणात उमटलं, तसे गुणवंतराव रुसले.

"इतकी घाई काऊन, पोरी? रेघ चालत आली पाह्यजे."

तिने वेग जुन्याइतका मंद केला. मग त्यांचा दुसरा हट्ट: लॅपटॉप उघडला की शेवटचं चित्र पहिल्या रेघेपासून आपोआप निघावं. तिने तेही केलं.

अशात वरोऱ्याचे कापसाचे व्यापारी श्रीहरीभाऊ आपल्या मुलासाठी मंजुषाला पाहायला आले. गुणवंतरावांनी त्यांना चहा थंड होईस्तोवर टर्मिनलची महती ऐकवली. श्रीहरीभाऊ जांभई देत म्हणाले, "म्हणजे टीव्हीच ना, चॅनल नसलेला?"

हे लागलं. पाहुणे जाताच गुणवंतरावांनी लॅपटॉपमधल्या त्याच पडद्यावर श्रीहरीभाऊंचं व्यंगचित्र काढलं. नाक असं, की वरोऱ्यात उन्हात धरलं तर भद्रावतीत सावली पडावी. चित्र नोकरीतल्या कुठल्याही नकाशाहून सुबक उतरलं, म्हणून पुसवेना.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला मंडळी पुन्हा आली. मंजुषाला मुलगा मनापासून आवडला होता. "बाबा, आज टर्मिनल नको," तिने आधीच बजावलं होतं. पण श्रीहरीभाऊच व्याह्याच्या नात्याने म्हणाले, "इवाई, मागच्या खेपेले मी जरा तोडून बोललो. दाखवा बरं तुमची मशीन."

गुणवंतराव विरघळले. लॅपटॉप उघडला, आणि पहिल्याच रेघेला त्यांना आठवलं, शेवटचं चित्र कोणाचं होतं ते.

श्रीहरीभाऊ चष्मा लावून पुढे सरकले. "डोंगर हाय का हा?"

"खाणीचा उतार."

उतार लांबतच गेला. त्याच्याखाली दोन नाकपुड्या आल्या, मग मिशी. शकुबाईंनी तोंडाला पदर लावला. गुणवंतरावांचं बोट पडदा पुसायच्या बटणाकडे गेलं, तर श्रीहरीभाऊंनी मनगट धरलं.

"राहू द्या. पुरं होऊ द्या."

आणि वेग तर जुना. चष्म्याची एक काडी आली. बऱ्याच वेळाने दुसरी आली. गालावरचा मस आला. मंजुषा चटईकडे पाहत होती आणि गुणवंतरावांना चटईखाली जावंसं वाटत होतं. सगळ्यात शेवटी आली ती जांभई.

श्रीहरीभाऊंनी मनगट सोडलं.

"जांभई बराबर साधली," ते म्हणाले. "नाक माह्या बापाचं हाय. माह्या पोरालेही तेच आलं. उद्या तुमच्या नातवाले येईन. त्याले डोंगर म्हणसान का खाण?"

गुणवंतरावांनी हात जोडले.

तारीख निघाली. मंजुषाने सगळ्यांना पेढा हसून दिला. वडिलांच्या हातावर नुसता ठेवला. पडद्यावर जांभई तशीच तळपत होती. बटण दाबायला आता कुणी अडवत नव्हतं. पण दाबलं असतं तर त्या हिरव्या लखलखाटात सगळ्यांना गुणवंतरावांचं उतरलेलं तोंड दिसलं असतं. ते पेढा धरून बसून राहिले.