एका शिंगाचा बैल

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी माझी पाच वर्षांची नात पलंगाखाली जाऊन बसली. बाहेर धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे बैलाचा खाऊ-पैसा, मागत होती, चॉकलेटांनी खिसे भरत होती, आणि ही बया आत.

"काहून वं? बैल कोण नेणार?"

"मी नाही येत. त्याला एकच शिंग आहे. सगळे हसून राहिले होते."

मागच्या वर्षी हाच वीतभर बैल तिने गल्लीभर खडखडवला होता. शिंग तिनेच तोडलेलं, आणि ते सांगताना काय रुबाब! आज सकाळपर्यंतही बरी होती. मग कॉलनीतल्या चार बाया बैल-सजावटीचे मार्क द्यायला खुर्च्या टाकून बसल्या आणि त्यातली एक गोड आवाजात म्हणाली, "अय्या, एवढासाच! अन् शिंगही एकच?" सगळे हसले. झालं.

माझं डोकं सणकलं. जिला अजून बुटाची लेस बांधता येत नाही, तिला स्वतःची लाज वाटायला शिकवता? तेही खुर्चीत बसून, चहा पीत?

मुलाला फोन लावला. तो म्हणतो, "आई, सदरच्या बाजारातून मोठा बैल आणतो ना. उगाच चारचौघांत शोभा कशाला?"

"तुले हे कोणी शिकवलं रे?" मी ओरडले. आणि ओरडता ओरडता मलाच आठवलं.

हा बैल मुळात त्याचाच. तोही तेव्हा पाच वर्षांचा. पण एवढासा बैल घेऊन स्पर्धेत जायचं म्हणजे माझं नाक कापलं जाणार होतं. मी तेव्हा फारच मोठ्या नाकाची. म्हणून गांधीबागेतल्या भावाकडून गुडघ्याएवढा बैल रिक्षात घालून आणला. कडक इस्त्रीची साडी नेसून त्याच्यामागे अशी चालले, जसा काही मीच तो जन्माला घातला! कोणीतरी पोराला विचारलं, "कोनाचा बैल गा?" तो खरं सांगणार, तोच मी मागून चिमटा काढला. "आमचाच," तो कळवळून म्हणाला. पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. डबा कधीच चेपला. चिमटा बघा, अजून शाबूत!

फोन ठेवला. पलंगाखाली वाकून म्हटलं, "तू नको येऊ. मी नेते."

बैलाची दोरी धरून थेट त्या खुर्चीवालीच्याच दारात गेले. नात आली, पण दहा पावलं मागे, जशी काही आमची ओळखच नाही.

"अय्या, काकू, तुम्ही? हा बैल कोणाचा?"

मागून पटकन आवाज आला, "माझा नाही. आजीचा आहे."

माझा हात शिवशिवला. पण पोरगी खोटं कुठे बोलली होती?

"माझाच आहे वं," मी म्हटलं. "शिंग हिने तोडलं. काढ बोजारा, दोघींचा."


तेव्हा कुठे ती दहा पावलं पुढे आली.