कपाटामागचं ऑफिस

तिचं ऑफिस दहाला उघडायचं आणि तिथे पोहोचायला तिला पंधरा पावलं लागायची. नवरा आठलाच बाहेर पडे. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम, आणि माणसं लिफ्टमध्ये अडकायची ती सकाळीच, असा त्याचा अनुभव. दोन्ही मुलांचं खाणं, आंघोळी, रुसवेफुगवे उरकून दहाच्या ठोक्याला ती बूट घालायची, खांद्याला पर्स अडकवायची आणि बाहेरच्या दारापाशी उभी राहून "येते हं" म्हणायची. मुलं टाटा करायची. मग ती वळून आतल्या खोलीत जायची आणि मोठ्या लोखंडी कपाटामागे बसायची. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक टेबल आणि एक खुर्ची कशीबशी मावत होती.

ही युक्ती तिला शाळेला सुट्टी लागल्यावर सुचली. थोरली साडेपाच वर्षांची, धाकटा अडीचचा, आणि "आई काम करतेय" या वाक्याला घरात काडीची किंमत नव्हती. आई दिसतेय म्हणजे ती मोकळी आहे, हा मुलांचा समज. खरं सांगायचं तर मोठ्यांचाही तोच असतो. शेजारणी "तुम्ही काय, घरीच असता" म्हणत आपल्या किल्ल्या आणि पार्सलं तिच्या गळ्यात मारून खुशाल निघून जात. पायात बूट आले आणि निदान मुलांपुरतं चित्र पालटलं. बूट घातलेली आई ऑफिसात असते आणि ऑफिसातल्या आईला हाक मारायची नसते, हे थोरलीला इतकं पटलं की तिने त्याचा कायदाच करून टाकला. कायद्याला अपवाद तीनच: रक्त, धूर आणि शी. बाकी तहान, भांडणं, हरवलेले ठोकळे, सगळं आपापसात मिटवायचं.

कपाटाच्या कडेने मान काढली की खेळणारी मुलं दिसत. बाहेरचं दार मात्र दिसत नसे. कानांनाही तिने वळण लावलं होतं. ते तीन शब्द सोडून बाकी सगळा कलकलाट एका कानाने आत येई आणि दुसऱ्याने निघून जाई.

ती लिहायची काय, तर माहितीपत्रकं. नवं यंत्र आणलं की खोक्यातून घडी घातलेला कागद निघतो ना, तो. मिक्सर, पंखा, पाण्याचा फिल्टर, दाढीचं मशीन. अकरा वर्षं ती घरी बसून, दर कागदामागे पैसे घेऊन, हेच लिहीत होती. "भांड्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करा" हे तिचं वाक्य किती घरांत पोहोचलं असेल कोण जाणे. ते कुणी वाचत नाही आणि मग बोटं कापून घेतात, हा भाग वेगळा. त्या कागदांवर कंपनीचं नाव असतं, कारखान्याचा पत्ता असतो, तक्रारीसाठी फोन नंबर असतो. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण कुणाला सांगण्याइतकं नाही.

त्यात या वर्षी एक संपादक भेटले. त्यांना लहान मुलांसाठी बारा छोटी पुस्तकं काढायची होती: नळातून पाणी कसं येतं, कुलूप कसं उघडतं, दप्तराची चेन कशी लागते. तिने नळाचं पुस्तक लिहून दिलं होतं. ते पसंत पडलं तर बाराही तिचीच, दर महिन्याला एक, आणि प्रत्येकावर तिचं नाव. संपादकांची अट एकच होती. "नोकरी सांभाळून लिहिणारे मला नकोत, बाई. संध्याकाळी दमून येतात आणि दमलेलं लिहितात." त्यांचा फोनवर विश्वास नव्हता. निर्णय झाला की मी स्वतः येऊन सांगेन, असं ते म्हणाले होते. त्याला तीन आठवडे झाले होते आणि रोज बेल वाजली की तिचं पेन थांबायचं.

त्या गुरुवारी मात्र थांबलं नाही. वॉशिंग मशीनमधून पाणी गळू लागल्यास काय करावे, हे ती लिहीत होती आणि अगदी रंगात आली होती. साडेदहाला बेल वाजली ती तिने ऐकली. कुणा पुरुषाचा आवाज ऐकला, थोरलीचा मोठ्या माणसासारखा सूर ऐकला. रक्त नाही, धूर नाही. इस्त्रीच्या कपड्यांचा माणूस आला असेल असं समजून ती पुढचं वाक्य लिहायला लागली. बाहेर जाळीचं दार होतं आणि त्याच्या कडीपर्यंत थोरलीचा हात पोहोचत नव्हता, त्यामुळे काळजी नव्हती.

बारा वाजता तिने बूट काढले. थोरलीने लगेच एक मोठं पाकीट आणून दिलं. "हे जाळीच्या दाराखालून आलं. तू ऑफिसात होतीस म्हणून जपून ठेवलं."

पाकिटात नळाचं पुस्तक होतं, तिने दिलं होतं तसंच. वर एक चिठ्ठी: "आपण नोकरी स्वीकारल्याचे आपल्या कन्येकडून समजले. अभिनंदन. आमची अट आपणांस ठाऊक आहेच. मालिकेसाठी दुसरी व्यवस्था करीत आहे." तिने ती दोनदा वाचली आणि होती तिथे जमिनीवरच बसली.

"काय सांगितलंस गं त्यांना?"

"आई घरी नाहीये, ऑफिसला गेलीय."

"आणि?"

"ते म्हणाले, कधीपासून? मी म्हटलं, सुट्टी लागल्यापासून. ते म्हणाले, रोज जाते? मी म्हटलं, रोज. रविवारी पण."

"आणखी काय म्हणाले?"

"घरी कोण असतं म्हणाले. मी म्हटलं, मी."

आता हिला ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने? पोरीने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. आईने सुरू केलेल्या खेळाला ती आईपेक्षा जास्त इमानी राहिली होती. तिला रडू आलं, त्यातच हसू आलं, आणि आई नक्की काय करतेय हे न कळून धाकटा तिच्या मांडीवर येऊन बसला.

तिने प्रकाशनाच्या ऑफिसला फोन लावला. कुणीतरी उचलून "साहेब अजून आले नाहीत" म्हणालं आणि ठेवून दिला. तिने धाकट्याला कडेवर घेतलं, थोरलीचं बोट धरलं आणि भर उन्हात वीस मिनिटं चालत ती स्वतःच तिथे जाऊन पोहोचली.

संपादक नुकतेच येऊन टेकले होते. टेबलावर कागदांचे ढीग, मध्ये डबा. तिघांना पाहून त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं.

"आज ऑफिसला दांडी वाटतं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण ते दुखावलेले होते. "कळवायचं तरी होतंत."

"सर, मी नोकरी धरलेली नाही. तुम्ही आलात तेव्हा मी आतल्या खोलीत होते."

"मग ही मुलगी खोटं बोलली?"

"नाही. तीही खरंच बोलली."

संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सरळ थोरलीलाच विचारलं, "बाळ, आईचं ऑफिस कुठे आहे?"

"कपाटामागे."

"ऑफिसात गेली हे कसं कळतं?"

"बूट घालते. मग हाक मारायची नाही. रक्त, धूर आणि शी असेल तरच."

संपादकांच्या मिशा हलल्या. ते खोकल्यासारखं हसले आणि बराच वेळ हसत राहिले. तिचा जीव भांड्यात पडला. "दुसऱ्या लेखकांना अजून सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "जेवून त्यांच्याकडे जाणार होतो. पुस्तक चांगलं आहे, बाई. मी आलो होतो ते तेच सांगायला." मग गंमत म्हणून त्यांनी थोरलीला आणखी एक विचारलं, "आणि आई परत घरी कधी येते?"

"बूट काढले की." थोरलीने विचार केला. तिला सगळं बरोबर सांगायचं होतं. "पण कधीकधी बूट काढते, तरी येत नाही."

 धाकटा टेबलावरची टाचण्यांची डबी ओढू पाहत होता, ती संपादकांनी हळूच बाजूला सरकवली.

 भात ढवळताना मनात वाक्यं जुळवणं, मुलांच्या अंगावर पाणी घालताना "हं, हं" म्हणत राहणं, गोष्ट सांगता सांगता मध्येच गप्प होणं, हे कुणाच्या लक्षात येत नाही असं तिला वाटत होतं. वॉशिंग मशीनपायी हे हाल, मग स्वतःच्या नावाच्या पुस्तकांपायी काय होईल, हे कळायला तिला फार वेळ लागला नाही.

"सर," ती म्हणाली, "दर महिन्याला एक मला जमणार नाही. दोन महिन्यांना एक देईन."

"म्हणजे दोन वर्षं लागतील. एवढं मला थांबता येणार नाही."

"मग वर्षभरात होतील तेवढी द्या."

ते तिच्याकडे पाहत राहिले. घ्यायला आलेली बाई परत करत होती, आणि हा प्रकार त्यांनी बहुधा फारसा पाहिला नव्हता. "सहा देतो," शेवटी ते म्हणाले. "उरलेली सहा दुसऱ्यांकडे जातील. कुलूप त्यांच्याकडेच द्यावं लागेल, ते आधी छापायचंय."

कुलपाच्या पुस्तकाची पहिली ओळ तिला केव्हाचीच सुचली होती. चांगली ओळ होती. गेल्याचं दुःख झालंच, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलंही असणार, कारण संपादकांनी नजर डब्याकडे वळवली. "चालेल," ती म्हणाली आणि नळाचं पुस्तक त्यांच्यापुढे परत ठेवलं.

परतताना ऊन उतरलं नव्हतं. धाकटा तिच्या खांद्यावर झोपला. थोरली बराच वेळ मुकाट चालत होती, आणि ती मुकाट चालते म्हणजे पोटात काहीतरी साठलेलं असतं. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी तिने आईचा हात ओढला.

"आई, आत्ता तू ऑफिसात आहेस की घरी?"

रस्त्यावर बस थांबली होती, माणसं चढत उतरत होती, दुकानदार एका चाकात हवा भरत होता.

"घरी," ती म्हणाली.

थोरलीने एकदा मान वर करून खात्री करून घेतली. मग तिने कालपासूनचं सगळं सांगायला सुरुवात केली.