पदराआडचा कावळा

सगुणाला पाखरांच्या हाका आईने शिकवल्या. मुलुंडला डोंगराच्या कडेला त्यांचं घर. तांबट एकाच ठेक्यात कसा टुक-टुक करतो, भारद्वाजाचं ऊप-ऊप रिकाम्या मडक्यातून आल्यासारखं का वाटतं, दयाळ शीळ कशी घोळवतो, हे मायलेकी भाजी निवडता निवडता गळ्यातून काढून बघत. कावळ्याच्या तर दोन हाका सगुणाला येत. एक मोकळी, जेवायला बोलावणारी. दुसरी घशात खरवडलेली, संकटात सापडलेल्या कावळ्याची. ती कानी पडली की सगळे कावळे डोक्यावर घिरट्या घालून कालवा करतात, खाली मात्र एकही उतरत नाही.

पुढे सगुणा लग्न होऊन घाटकोपरला आली, बालवाडीत शिकवू लागली. आई धाकट्या भावाकडे, चंदूकडे राहिली. दृष्टी गेल्यावरही ती खिडकीशी बसून दिवस ओळखायची. दयाळ बोलला की पहाट, तांबट लागला की दुपार, पोपटांचा गलका झाला की दिवेलागण. मग चंदूने एसी बसवला आणि खिडकीची काच स्क्रू मारून कायमची बंद केली. तेव्हापासून आई फोनवर एकच विचारी, "सगुणा, उजाडलं का गं?"

सगुणा भांडायला गेली तेव्हा चंदू हसला. "ताई, आंधळ्या माणसाला काय उजाडायचंय?" आईला घेऊन जाते म्हणाली, तर लोक काय म्हणतील म्हणून त्याने तेही होऊ दिलं नाही. त्याच बंद खोलीत आई गेली.

दहाव्याला पवईच्या तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळे झेपावले, आणि मागे बसलेल्या सगुणाने पदर तोंडाशी धरला. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय बिचारी, असं सगळ्यांना वाटलं. कावळे ओरडत वर उडाले ते उडालेच.

चंदूने देवीची ओटी कबूल केली, अन्नदान कबूल केलं. कावळे वरच.

"आईंचं काही मनात राहिलंय का? आठवा," गुरुजी म्हणाले.

"अहो, ती खिडकी," त्याची बायको नेत्रा कुजबुजली. "बोला ना!"

चंदूने सगळ्या भावकीसमोर हात जोडले. "आई, तुझी खिडकी मी बंद केली. चुकलो. आजच उघडतो."

सगुणा गप्प झाली. एक कावळा उतरला, उड्या मारत पिंडाकडे निघाला.

"बघ, केलं माफ आईने," चंदू नेत्राला म्हणाला आणि त्याने घड्याळ पाहिलं.

पदर पुन्हा तोंडाशी गेला. कावळा उडाला.

ऊन चढलं. चंदू काकुळतीला आला. "ताई, तू बोलाव ना गं. तुझ्या हाकेला येतात ते."

"रडून घसा बसलाय रे, चंदू."

शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले.

"म्हणजे आई उपाशीच गेली?" चंदूने विचारलं. जन्मभर पुरेल एवढा पांढरा पडला होता त्याचा चेहरा.

सगुणाने तो डोळे भरून पाहिला. आईचा घास तिने सकाळीच आपल्या गॅलरीत ठेवून मोकळी हाक दिली होती. कावळ्याने तो तेव्हाच उचलला होता.