फळ्यांवरची झोप

बाळाला अजून महिनाही झाला नव्हता, आणि झोप म्हणजे काय याचाच डायनाला विसर पडला होता. शाळेत साठ पोरं सांभाळणारी ही बाई एका तान्ह्यापुढे पार थकून गेली होती.

निर्मळ गावातल्या सासरच्या घरात, केळीच्या बागेकडच्या खोलीत, तिच्या नवऱ्यानं, शेल्डननं पलंगाला लागून बाळाची छोटी खाट मांडली. आईला पडल्यापडल्या हात घालता यावा म्हणून खाटेची एक बाजू उघडी होती. पण सासूच्या लग्नातला पलंग उंच, आणि वरची कापसाची गादी फुगीर. खाट पलंगाला बांधायचे पट्टे कितीही आवळले तरी ती चार बोटं खालीच राही, आणि गादीच्या गोल कडेशी फट उरे. सासूचं नाव बेटी. तिनं मायेपोटी त्या फटीत गोधडी कोंबली. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशीही ठेवली.

डायनानं दोन्ही काढून घेतल्या. "आई, यात तोंड रुतलं तर त्याचा श्वास कोंडेल."

"माझे चौघे गोधडीतच वाढले गो," बेटी फणकारली.

वाद घालायचं त्राण डायनात नव्हतं. "शेल्डन, आपली गादी काढ."

"आणि बाळंतीण काय फळ्यांवर झोपणार?"

"झोपेन, आई."

गादी निघाली, तशी खाट पलंगाच्या पातळीला आली. पट्टे आवळल्यावर डायनानं मधे बोट घालून पाहिलं. ते शिरेना. फळ्यांवर अंथरलेल्या नुसत्या चटईवर ती आडवी झाली. कंबर ठणकत होती. उताण्या निजलेल्या बाळाची छाती खालीवर होताना तिनं पाहिली, आणि बेटी अजून पुटपुटत असतानाच डायनाचा डोळा लागला.