हुपरीकरांनी नाकारलेले लॅपटॉप

विद्याधर हुपरीकरांना एखादी वस्तू नाकारताना जी तृप्ती वाटे, ती भरपेट जेवूनही वाटत नसे. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार आपापला माल घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभे राहत. हुपरीकर चष्मा कपाळावर चढवत, फटी मोजायचा तो पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, फीलर गेज, खिशातून काढत आणि चकार शब्द न बोलता मालावर लाल खडूने फुली मारत. त्या फुलीने भल्याभल्यांचे चेहरे उतरत. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ मागे पडतं, हे त्यांनी निरोपाच्या भाषणातच सांगून टाकलं.

कारखाना सुटला, पण फुली सुटली नाही. येलहंक्यातल्या घरी बसल्या बसल्या सगळं जगच त्यांच्या टेबलासमोर माल घेऊन उभं असल्यासारखं त्यांना वाटे. नवे नळ, नवी बिस्किटं, नव्या इमारतींचे जिने, सगळ्यांना फुली. त्या रांगेत जावईही होता. क्षितिज मूळचा पुण्याचा, बेंगळुरूतच महादेवपुऱ्यात आयटीत नोकरीला. ‘बाबा, मी प्रॉडक्टवर काम करतो,’ असं तो पहिल्या भेटीत म्हणाला होता, आणि ‘मग दाखव ते प्रॉडक्ट,’ म्हटल्यावर त्याला काही दाखवता आलं नव्हतं. जी वस्तू टेबलावर ठेवता येत नाही तिच्यासाठी माणसांना पगार देतात, हे हुपरीकरांना आजवर पटलेलं नाही.

मध्यंतरी घरात नवे कप आले. प्रेमा, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आली की कप बशीत खुळखुळे. हुपरीकरांनी लगेच कप उलटा करून त्याच्या बुडाला पट्टी लावली. बूड सपाट नाही, असा निकाल त्यांनी दिला. पट्टीखाली फटीचा उजेड दिसत नव्हता हे खरं, पण आजकालची भट्टी काय लायकीची असते हे काय पट्टीने सांगायला हवं? मग बँकेने प्रेमाची सही जुळत नाही म्हणून अर्ज परत केला. तेव्हा त्यांनी बँकेचं पेन कसं दोरीला बांधलेलं असतं आणि त्याचं टोक कसं घासलेलं असतं, यावर मॅनेजरला सुनावलं. मॅनेजरने नवं पेन दिलं. त्या पेनालाही त्यांनी नावं ठेवली.

प्रेमाचा जीव मात्र एकाच गोष्टीत होता, आणि ती म्हणजे रविवारचा वर्ग. महाराष्ट्र मंडळातर्फे ती महादेवपुऱ्यातल्या नव्या मराठी घरांतल्या मुलांना लॅपटॉपवरून मराठी शिकवी. ती पोरं घराबाहेर हिंदी-इंग्रजी बोलणारी, आईबापांशीही निम्मं इंग्रजीच. त्यांना वाचायला बसवणं म्हणजे डोक्याला ताप. प्रेमाने त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. ती मुलांच्या डोळ्यांदेखत, पडद्यावर मोठ्या अक्षरांत गोष्ट टाइप करायची. गोष्ट तिथल्या तिथे सुचलेली, मुलांचीच नावं घातलेली. पुढचं अक्षर कुठलं येणार म्हणून पोरं ओठ हलवत पडद्याला चिकटून बसत आणि नकळत वाचू लागत. मंडळात दुसऱ्या कुणाला हे जमलं नव्हतं.

उन्हाळ्यापासून त्या गोष्टीत घोळ होऊ लागला. एक अक्षर दाबलं की दोन उमटायची. मुलं आधी हसली, मग कंटाळली, मग एकेक जण वर्गातून दिसेनासा होऊ लागला. प्रेमाने घरात सांगितलं, “अक्षरं दोनदोन उमटताहेत हो.” हुपरीकरांनी जुना लॅपटॉप उलटा करून झटकला, त्यातून थोडा चिवडा पडला, आणि त्यांनी कीबोर्डला फुली मारली. मंडळाचे सचिव विश्वासराव यांनी फोनवर मोठ्या गोडव्याने सुचवलं की दसऱ्यानंतरच्या सत्रात यंत्राचा त्रास होणार असेल तर वर्ग एखाद्या तरुण शिक्षिकेकडे द्यावा, ताईंनाही आराम. फोन ठेवल्यावर प्रेमाने जुन्या लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाली, “मला दसऱ्याच्या आत नवा लॅपटॉप हवा.” लग्नानंतर इतक्या ठामपणे तिने एखादी वस्तू मागितल्याचं हुपरीकरांना आठवत नव्हतं.

“तू काळजी करू नकोस,” ते म्हणाले, “माझ्यावर सोड.” त्यांच्यावर सोडलेल्या गोष्टीचं काय होतं हे ती जाणून होती, पण दुसरा इलाज नव्हता.

क्षितिजने त्याच रात्री लिंक पाठवली. ओर्विक नावाच्या कंपनीने आपले सगळे लॅपटॉप नव्याने बाजारात आणले होते. ‘बाबा, अपडेटेड लाइनअप आहे, मिडल वेरिएंट घ्या, डोळे झाकून,’ असंही त्याने लिहिलं होतं. डोळे झाकून! हुपरीकरांना हा शब्दप्रयोग इतका झोंबला की त्यांनी मुद्दाम डोळे फाडून ती सगळी माहिती वाचली, आणि वाचता वाचता ते खुलत गेले. इतका दर्जेदार मूर्खपणा त्यांच्या टेबलावर बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

यादीत पहिला होता ‘स्लिम’. दिसायला देखणा, वजनाला हलका, बोटात धरून फिरवावा असा. पण जोडायला खाचा जेमतेम दोन, त्यातली एक चार्जरनेच अडवलेली. बाकी सगळं जोडायचं तर वेगळा डबा विकत घ्यायचा आणि तो शेपटीसारखा लोंबत ठेवायचा. “म्हणजे हलकेपणा कुणाचा? लॅपटॉपचा की अकलेचा?” हुपरीकर मोठ्याने म्हणाले. शिवाय मेमरी आतल्या बोर्डावर कायमची सोल्डर करून बसवलेली. उद्या कमी पडली तर वाढवता येणार नाही, बिघडली तर बदलता येणार नाही. आपलं यंत्र मालकाने उघडूच नये अशी सोय करणाऱ्याला त्यांच्या काळी गेटच्या आत घेतलं नसतं.

दुसरा ‘एलिट’. त्याचा पडदा झकास होता हे त्यांना नाइलाजाने मान्य करावं लागलं. पण तो आरशासारखा चकचकीत. मागे खिडकी असली की त्यात गोष्टीऐवजी स्वतःचंच तोंड दिसणार. बॅटरी दुपारपर्यंत मान टाकणार आणि चार्जर विटेएवढा. गेल्या वर्षीच्या एलिटची बॅटरी दिवसभर टिकत होती. यंदा पडदा सुधारला म्हणून बॅटरी मेली, आणि कंपनी त्याला संतुलन म्हणत होती.

तिसरा ‘होम’. किमतीने मधला, क्षितिजचा लाडका वेरिएंट. सगळ्या खाचा जागच्या जागी, मेमरी वाढवता येणारी, पण पडदा मळकट आणि जाडी पाट्यासारखी. वरवंटा तेवढा वेगळा घ्यावा लागेल, असं हुपरीकर प्रेमाला म्हणाले आणि स्वतःच हसले. तिन्हींवर एक बटण समान होतं. ते दाबलं की एक सहायक उगवून तुम्हाला काय हवंय ते विचारतो. हे बटण कुणी मागितलं होतं? ते घालण्यासाठी रोजच्या वापराचं एक बटण काढून टाकलं होतं. मागितलं नाही ते द्यायचं, मागितलं ते काढायचं आणि त्याला नवं म्हणायचं. बाजाराची सगळी कला एवढीच, असं त्यांचं मत बनलं आणि त्यांनी ते शेजारच्या आप्पाजींनाही दोनदा ऐकवलं.

खरं तर गेल्या वर्षी याच कंपनीचा एक लॅपटॉप होता ज्याला त्यांनी जवळजवळ मान दिला असता. तो यंदा बंद केला होता. चांगली वस्तू बंद करण्यात या लोकांचा हात कुणी धरू शकत नाही.

असे दिवस जात राहिले. हुपरीकर एकेक मॉडेल उचलून आपटत होते आणि प्रेमा वाट बघत होती. गणपती आले आणि गेले. शेवटी तिने पदर खोचला. “तुम्ही त्या कंपनीचा पाणउतारा घरी बसून करताय, तो दुकानात जाऊन करा. मी येते.”

रिक्षाने मल्लेश्वरमच्या दुकानात जाताना उड्डाणपुलाच्या प्रत्येक जोडापाशी धक्का बसला. हुपरीकरांनी प्रत्येक धक्क्याला ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा हिशेब केला. प्रेमा मांडीवर हात दाबून बसली होती.

दुकानात श्रीहर्ष नावाचा तरुण विक्रेता पुढे आला आणि हिंदीत सुरू झाला. हुपरीकरांनी त्याला कानडीत गप्प केलं. “स्वल्प थांब, अण्णा. तू बोलू नकोस, माल बोलू दे.” “सरी सर,” असं कानडीतच मान्य करून तो बाजूला उभा राहिला. हुपरीकरांनी फीलर गेज काढला. दुकानातली दोन-तीन माणसं वळून बघू लागली, तसा त्यांना जोर चढला. त्यांनी एका बोटाने स्लिमचं झाकण उघडलं, फटीत पट्टी सरकवली, कीबोर्ड मधोमध दाबून तो किती खचतो ते पाहिलं आणि नाकाने ‘हूं’ केलं. हे ‘हूं’ पीण्यात प्रसिद्ध होतं.

“लिही यावर,” ते प्रेमाला म्हणाले. “वर्गात लिहितेस तसं.”

“मी कशाला? तुम्हीच बघा ना.”

“वापरणार तू. लिही.”

प्रेमाने इकडेतिकडे पाहिलं, मग बोटं टेकवली. ती लिहू लागताच पडदा थरथरू लागला.

“बिजागरी ढिली,” हुपरीकर विजयाने म्हणाले. “बघ, अण्णा. कोऱ्या मालाची ही गत. फुली.”

एलिटपाशीही तेच झालं, तोही तसाच थरथरला. “एकाच भंगारवाल्याकडून बिजागऱ्या उचलल्यात,” त्यांनी जाहीर केलं. श्रीहर्ष काहीतरी म्हणू लागला, पण प्रेमाने त्याच्याकडे पाहून हलकेच नकारार्थी मान हलवली. हुपरीकरांनी ते पाहिलं आणि तिलाही कंपनीचा राग आलाय असं ते धरून चालले.

मग होमची पाळी आली. तो जड, जागचा न हलणारा, पण तरी पडद्याची वरची कड बारीक थरथरतच होती. पडद्यावर प्रेमाने आपलं नाव लिहायला घेतलं होतं आणि तिथे ‘पप्रेमाा’ उमटलं होतं. दोन-दोन अक्षरं, अगदी घरच्यासारखी. नव्या कोऱ्या यंत्रावर.

हुपरीकर पुढचं वाक्य बोलायला गेले आणि थांबले. तपासणी विभागात नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. माल डगमगताना दिसला तर मालाला दोष देण्याआधी तो ज्यावर ठेवलाय ते टेबल तपासायचं. त्यांनी काउंटरवर तळवा ठेवला. काउंटर गच्च होता. त्यांनी प्रेमाचे हात बाजूला करून स्वतः लिहून पाहिलं. पडदा चित्रासारखा स्थिर राहिला. एलिटकडे गेले, तोही स्थिर. स्लिमही.

“परत लिही,” ते म्हणाले. या वेळी त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. लिहायच्या आधीच, नुसता हवेत असताना, तो हात थरथरत होता.

“बिजागरी ठीक आहे हो,” प्रेमा हळू आवाजात म्हणाली.

“कधीपासून?”

“कपांच्या आधीपासून.”

त्यांना कप आठवले. पट्टीखाली न दिसलेला उजेड आठवला. बँकेतलं पेन आठवलं, त्या मॅनेजरचा चेहरा आठवला. सुताएवढी फट नजरेने ओळखणारा माणूस समोरच्या खुर्चीवर बसून रोज चहा पीत होता आणि त्याला काही दिसलं नव्हतं. हुपरीकरांना स्वतःची किळस आली. आयुष्यात इतक्या लोकांना ज्या नजरेने त्यांनी पाहिलं होतं, ती नजर पहिल्यांदाच त्यांच्यावर वळली होती आणि ती किती घाण असते ते त्यांना कळलं.

“सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कपाला फुली मारलीत, पेनाला मारलीत, कीबोर्डला मारलीत.” ती श्रीहर्षकडे पाठ करून बोलत होती. “म्हटलं, ती फुली माझ्यापर्यंत यायच्या आत एक सत्र तरी शिकवून होईल.”

हुपरीकरांनी फीलर गेज खिशात टाकला.

“यातला तुला कुठला बरा वाटतो?” त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न घरात निघालाच नव्हता.

प्रेमाने होमवर हात ठेवला. ज्याला ते पाटा म्हणाले होते त्याच्या रुंद कडेवर तिचं मनगट नीट टेकलं, आणि टेकल्यावर थरथर थोडी बसली. “हा. हात ठेवायला जागा आहे. पोरांना काय, अक्षर दिसल्याशी कारण.”

“हाच बांधा,” हुपरीकर श्रीहर्षला म्हणाले.

“सर, स्क्रीन चेक करणार? कीबोर्ड?”

“नको.”

परत जाताना खोकं दोघांच्या मध्ये सीटवर होतं. “उद्या डॉक्टरकडे जाऊ,” ते म्हणाले. “दसऱ्यानंतरचा पहिला वर्ग होऊ दे, मग जाऊ,” ती म्हणाली, आणि त्यांनी हुज्जत घातली नाही. रिक्षावाल्याने उलट्या बाजूने गाडी घातली, ते बोलले नाहीत. एका पाटीवर येलहंका चुकीचं लिहिलं होतं, त्यांनी ती पाहून सोडून दिली.

“अहो, बोला की काहीतरी,” ती म्हणाली. “नावं ठेवा कुणाला तरी.”

रिक्षा उड्डाणपुलावर चढली. पहिल्या जोडापाशी धक्का बसला, मग दुसऱ्यापाशी. खोक्यावर ठेवलेला तिचा हात धक्क्यावाचूनही हलत होता. हुपरीकरांनी तो आपल्या हाताखाली घेतला आणि बाहेर पाहिलं.

“पूल चांगला बांधलाय,” ते म्हणाले.

तेव्हा कुठे प्रेमाच्या चेहऱ्यावर भीती दिसली.